बिनसरसाचा सांधा

१

धर्मपाल मद्रासहून परत आला, त्याला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात त्याच्या घरची सकाळ पार बदलून गेली. पूर्वी चुलीवर आधी चहा चढायचा. आता आधी सरस चढायचा. रात्रभर भिजलेले सरसाचे तुकडे डब्यात, डबा पाण्याच्या पातेल्यात आणि पातेलं मंद आचेवर. हळूहळू घरभर ओल्या चामड्याचा वास सुटायचा. त्याची आई पार्वताबाई पदर नाकाला लावून रोज म्हणायची, "मद्रासले शिकाले धाडला, अन् हा कातडी शिजवाले शिकून आला!"

"पण लाकडाला लाकूड कसं धरतं बघ, आई. पुन्हा तोडायला गेलं तर दुसरीकडून तुटेल, सांध्यातून तुटणार नाही."

"मंग एखांदं मानूस चिकटव ना त्याच्यानं. घर रिकामं हाय."

टोमणा कुठे जातो ते त्याला कळायचं. तो चोवीस वर्षांचा होता. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेकाठच्या एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. दिवसा तो एका औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकवायचा, आणि सकाळ-संध्याकाळ वस्तीच्या वाचनालयाची कपाटं फुकट बनवायचा. दहा वर्षांपूर्वी नागपूरला, चौदा वर्षांचा असताना, पांढरा सदरा घालून त्याने लाखोंच्या आवाजात आवाज मिसळून प्रतिज्ञा घेतल्या होत्या. त्या त्याने नुसत्या पाठ केल्या नव्हत्या. मद्रासमध्ये भाषा कळत नव्हती, जेवण उतरत नव्हतं, तेव्हा त्याच त्याला पुरल्या. जे मोजता येतं, तपासता येतं, ते खरं. अंगात येणं, उतारे, नजर लागणं हे सगळं खोटं. हे गावागावांत जाऊन सांगायचं, आणि भाषण देऊन नव्हे तर गाऊन सांगायचं, म्हणून परत आल्या आल्या त्याने 'नवा उजेड गायन मंडळ' काढलं. गाणी त्याची, चाली त्याच्या. आवाज शालूचा.

शालू समोरच्या घरातल्या डोमाजीची मुलगी, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. माघ महिन्यात धर्मपालने तिच्या हातात चार पानी पत्र दिलं होतं. ते वाचून ती म्हणाली होती, "वैशाख पुनवेचा अमरावतीचा कार्यक्रम होऊ द्या, गुरुजी. मंग सांगते. तोवर विचारू नका."

त्याने विचारलं नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात त्याला कळलं की हेच उत्तर तिने आणखी एकाला दिलंय.

२

तो दुसरा म्हणजे सूर्यभान, डोमाजीच्या बहिणीचा मुलगा, शालूचा आतेभाऊ. मामाच्या पोरीवर पहिला हक्क आतेभावाचा, ही वऱ्हाडातली जुनी रीत. नात्यातल्या लग्नांविरुद्ध धर्मपालने विहारात दोनदा भाषण केलं होतं. शास्त्रीय माहिती दिली होती, आकडे दिले होते. दोन्ही वेळा पहिल्या ओळीत बसून सूर्यभानने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

सूर्यभान भुसावळला रेल्वेत फिटर होता. तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या एका गोऱ्या ड्रायव्हरने त्याला गिटार शिकवली, आणि ऑस्ट्रेलियाला जाताना आपली बास गिटारच त्याला देऊन टाकली. चार जाड तारांची, विजेवर चालणारी. तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू यायचा. फाल्गुनात तो पहिल्यांदा तालमीला आला आणि मंडळाचं गाणं एकदम जमिनीवर उभं राहिल्यासारखं झालं. सगळे खूश झाले. धर्मपालही 'वा' म्हणाला. त्याने शालूकडे बघितलं, तर ती डोळे मिटून गात होती. त्याच्या चालींवर तिने कधी डोळे मिटले नव्हते.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना, एका सकाळी सूर्यभान चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन दारात आला. मागे शालू.

"जय भीम, भाऊ. पाय बरं, याचं मुंडकं मोडलं."

चादर उघडली. गिटारच्या मानेच्या टोकाला, तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या भागाला सूर्यभान मुंडकं म्हणायचा. त्याच्या बरोबर खाली, मागच्या बाजूने, लाकूड आडवं तडकलं होतं. अर्धं अजून धरून होतं.

"काय केलंस?"

"म्या काय केलं? शेगावच्या आल्याड एक बुवा गाडीत वरच्या फळीवरून आपली वळकटी ओढून राहिला. तिच्यासंगं हेही आलं खाली."

"तुझं लक्ष कुठे होतं?"

"लक्ष?" सूर्यभान हसला. "थे तं अकोल्यातच होतं, बाप्पा."

"चूप रे तू!" शालू म्हणाली, आणि मग धर्मपालकडे वळून, अगदी आदराने, "गुरुजी, होईन ना नीट?"

सूर्यभानला 'तू', त्याला 'गुरुजी'. दोन शब्दांतलं हे अंतर त्याला तडकलेल्या लाकडापेक्षा स्पष्ट दिसत होतं.

"होईल," तो म्हणाला. "मला दोन दिवस द्या."

३

काम त्याने मन लावून सुरू केलं. तारा उतरवल्या. पातळ सुरीने तडा अलगद फाकवला. आतलं लाकूड स्वच्छ, गुलाबीसर होतं. धूळ नाही, जुना सरस नाही. असा ताजा तडा म्हणजे सुताराचं नशीब. गरम सरस आतपर्यंत लावायचा, शिकंज्यात आवळायचं, चोवीस तास हात लावायचा नाही. चार तारांची ओढ मिळून दोन मण तरी असेल, असा त्याने हिशेब केला. दोन मण म्हणजे एक धडधाकट माणूस त्या मुंडक्याला चोवीस तास लोंबकळत राहणार. चांगला सांधा ते सहज पेलतो.

सरस पातळ झाला. त्याने कुंचला उचलला.

तेवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला. गिटार इथे होती, म्हणून सूर्यभान तोंडानेच तिचा आवाज काढत होता, डुम्, डुम्, डुम्, आणि त्यावर शालू गात होती. गाणं धर्मपालचं. चाल मात्र बदलली होती. दुसऱ्या ओळीवर ती मूळ चालीत वर जायची. आता खाली येत होती, सूर्यभानच्या आवाजापाशी येऊन थांबत होती. आणि चांगली वाटत होती. मूळ चालीपेक्षा चांगली.

मग दोघं हसली.

धर्मपालने कुंचला डब्यात ठेवला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यासमोर कालच्या वंदनेतली मेणबत्ती अर्धी जळून उरली होती. तो उठला, ती घेऊन आला, आणि फाकवलेल्या तड्यात तिचं मेण घासू लागला. वरच्या बाजूला, खालच्या बाजूला, कोपऱ्यांत. मेणावर सरस धरत नाही, हे त्याच्या शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. घासत असताना तो स्वतःशी म्हणत होता, असं करणारा मी नव्हे. आणि घासत होता.

मग त्याने फक्त बाहेरच्या कडेला सरसाची एक रेघ ओढली, दिसायला. शिकंजा आवळला. दुसऱ्या दिवशी वरून पॉलिश केलं. सांधा सुंदर दिसत होता.

तालमीत तारा चढल्या की पाव तासात उघडेल. लोक म्हणतील, या सूर्यभानला वस्तू सांभाळता येत नाही. तो बिनगिटारचा परत भुसावळला जाईल. आणि शालू पुन्हा वरच्या चालीत गाईल. एवढंच त्याला हवं होतं. कोणाचं वाईट त्याच्या मनात नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी शिकंजा काढला, तेव्हाच सांधा कोमट लागला होता.

खिडकीतून ऊन येत होतं. वैशाख तोंडावर आला होता, अकोल्यात दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. धर्मपालने तेवढ्यावर विचार सोडला. पण मानेचा बाकीचा भाग, त्याच उन्हातला, गार होता.

संध्याकाळी वाचनालयात तालीम होती. लाउडस्पीकरवाल्या मोतीरामने आपली मशीन आणून जोडली. सूर्यभान तारा चढवू लागला. धर्मपाल चढणाऱ्या तारा मोजत होता. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी सगळ्यांत जाड. ती चढली. सांधा गप्प.

पाव तास गेला. अर्धा तास. धर्मपाल पेटीवर बसला होता आणि त्याचे सूर चुकत होते. दोन तासांनी सूर्यभानने गिटार खाली ठेवली आणि सरळ येऊन त्याला मिठी मारली.

"भाऊ, तुह्या हाताले मानलं! पयले दर गान्याले खुंटी पिळा लागे. आता केसभर सूर हलून नाई राहिला. काय घातलं रे याच्यात?"

"सरस," धर्मपाल म्हणाला.

शालूने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी असं, पूर्ण नजरेनं. "गुरुजींचं कामच तसं हाय," ती म्हणाली. आणि ती नजर त्याला चोरीच्या मालासारखी घ्यावी लागली.

गिटार वाचनालयातच ठेवून सगळे गेल्यावर त्याने भिंग घेऊन सांधा पाहिला. रेघ होती. तिच्यात कुठे केसाएवढीही फट नव्हती. लाकडाचे तंतू एकमेकांत अडकले असतील, त्याने स्वतःला सांगितलं. तडा तिरपा असेल तर असं होऊ शकतं. होऊ शकतं का? मद्रासच्या वहीत त्याने तास दीड तास शोधलं. मिळालं नाही, पण म्हणून ते नसतंच असं थोडंच?

झोपायला पाठ टेकताना त्याच्या लक्षात आलं की डावा हात दुखतोय. तळव्यावर आडवा, सरळ, लाल वळ होता. एखादी लाकडी कड बराच वेळ घट्ट धरून ठेवल्यावर उठतो तसा.

५

मंगळवारी सकाळी शाळेत तो विद्यार्थ्यांना दोन फळ्यांची गुंफण दाखवत होता. डाव्या हातात पटाशी होती. ती खाली पडली, आणि हात मिटला.

पेटका आला म्हणावं तर दुखत नव्हतं. पाच बोटं हळूच, व्यवस्थित, काहीतरी हातात आल्यासारखी वळली आणि आवळली. मूठ रिकामी होती. ते त्याला दिसत होतं. पण बोटांना कड लागत होती. आणि त्या कडेतून कोपरापर्यंत एक थरथर येत होती, थांबून थांबून, ठेक्यात. त्याने तो ठेका ओळखला. तो त्याच्या कुठल्याच गाण्याचा नव्हता. लग्नात बाया हळद लावताना म्हणतात, त्या गाण्याचा होता.

वीस मिनिटांनी हात आपोआप सुटला.

संध्याकाळी शालू वाचनालयाची किल्ली द्यायला आली. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सकाळी तालीम केलीत का?"

ती दचकली. "कोनं सांगतलं तुमाले? सूर्यभानची हा हप्ता रातपाळी हाय, तसाच आला गाडीनं. असंच बसलो होतो जराशे."

"काय वाजवलं त्याने?"

"असंच."

"हळदीचं?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. किल्ली ठेवून ती निघून गेली.

खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. मागाहून त्याने स्वतःला बजावलं की हातात रक्त साकळलं असेल, मनाचा खेळ असेल, हळदीचा अंदाज योगायोगाने बरोबर आला असेल. पण त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. त्याला वाटलं की आता मला कळेल.

आणि कळू लागलं. जेवताना हात मिटायचा, की ते दोघं बसलेत. बाजारात मिटायचा, की ते बसलेत. तो डाव्या हाताकडे असा बघू लागला, जसं कोणी घड्याळाकडे बघतं. बुधवारी दोनदा. गुरुवारी नाही, गुरुवारभर तो हसतमुख होता, पार्वताबाईला भाजीही चिरू लागला. शुक्रवारी एक तास. त्या तासात मधेच ठेका थांबला, पण मूठ सुटली नाही. कड तशीच हातात, नुसती, शांत. वाजवायचं थांबवून ते दोघं काय करत होते?

"तुह्या हाताले काय झालं रे?" पार्वताबाईने विचारलं. "कवाचा मुठी आवळून राहिला. कोनावर एवढा राग?"

"काही नाही, आई."

"दाखव." तिने मूठ उघडायला बघितली आणि चटकन आपला हात मागे घेतला. "बाई! आत कोनी हाय काय?"

"आई, आपल्या घरात असलं बोलायचं नाही."

"मी काय भूत म्हनलं?" ती पुटपुटली. "म्या तं नुसतं इचारलं."

६

रविवारी दुपारी तो घरी पाटाला रंधा मारत होता, तेव्हा हात मिटला. गिटार समोरच, डोमाजीच्या घरात, मोतीरामच्या मशीनला जोडून वाजत होती. एकाच वेळी कानाला आणि तळव्याला येत होती. त्या दिवशी त्याने ठरवलं की तपासायचं. तपासल्याशिवाय मानायचं नाही आणि तपासल्याशिवाय नाकारायचंही नाही.

त्याने पटाशीची मूठ डाव्या करंगळीखाली घातली आणि तरफेसारखी दाबली. करंगळी इंचभर उचलली गेली. मग अनामिका.

समोरून आवाज आला. चुलीत ओलं लाकूड तडतडतं तसा, पण लांब. आणि शालू ओरडली.

त्याने पटाशी टाकली. दोन्ही बोटं आपसूक जागेवर गेली. तो धावत बोळ ओलांडून गेला. सूर्यभान गिटार मांडीवर घेऊन हबकून बसला होता. शालू गाल धरून बाजूला.

"काही नाई, काही नाई," सूर्यभान म्हणाला. "एकदम मुंडकं कुरकुरलं. सूर उतरला अन् पुन्हा आपल्यानंच चढला. माह्या बापजन्मी असं पायलं नाई. अन् हे येडी तिथंच कान लावून बसली होती. तार तुटली असती तं डोया गेला असता."

"कान लावून?" धर्मपालने विचारलं.

शालू ओशाळली. "लाकडातून कसं ऐकू येते, थे पाहून राहिली होती." मग हळू आवाजात, "गुरुजी, वाजवनं थांबलं तरी आत कोनी दम धरून बसल्यावानी वाटते."

"लाकडात कंपनं राहतात काही वेळ."

"असं काय." तिने मान हलवली. पण गालावरचा हात काढला नाही.

"एक दिवस गिटार दे मला," तो सूर्यभानला म्हणाला. "सांधा पुन्हा बघतो."

"बघतो म्हंजे?"

बघतो म्हणजे तो उघडायचा. उघडला की मेण दिसणार. सूर्यभान पोरगा हसरा असला तरी फिटर होता. मेण कशाला घालतात ते त्याला सांगायला नको होतं. आणि शालू शेजारीच उभी होती.

"नाही, राहू दे," धर्मपाल म्हणाला. "चांगला आहे."

त्या संध्याकाळपासून त्याने हात मिटला की तो तसाच राहू दिला. उलट हात मिटला की तो एका जागी बसून राहायचा, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. गिटार दुसऱ्याच्या मांडीवर, गाणं दुसऱ्याचं, तिचा कान त्या लाकडाला टेकलेला, आणि ते सगळं धरून बसायचं त्याने.

७

अमरावतीला एका शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. वैशाख पौर्णिमेची संध्याकाळ. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मांडवाच्या बाहेरपर्यंत माणसं. मोतीरामने दोन कर्णे झाडाला बांधले. मायक्रोफोन एकच होता, त्यामुळे शालू आणि सूर्यभान अगदी जवळ उभे. गिटारचं मुंडकं शालूच्या खांद्यापाशी. पेटीवर त्या दिवशी धर्मपाल बसला नाही. हात दुखतो, म्हणाला. तो पहिल्या ओळीत सतरंजीवर बसला, डावी मूठ मांडीवर, वर रुमाल.

दोन गाणी छान झाली. तिसरं ते, ज्याची चाल बदलली होती.

दुसऱ्या ओळीवर शालूचा आवाज खाली उतरला. धर्मपालची नजर मुंडक्यावर होती. सूर्यभानचा उजवा हात तारांवर चालत होता. डावा हात मानेच्या मध्यावर होता. दोन्ही हात बल्बच्या उजेडात स्वच्छ दिसत होते.

मग मुंडक्याच्या मागून पुढे वळलेली ती चार बोटं कोणाची?

त्याने डोळे चोळले. बल्ब हलतोय, सावली पडतेय. सावलीला नखं नसतात. या नखांच्या कडांना पॉलिशचा तपकिरी रंग बसला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती, इतकी ती लाकूड आवळून होती. बिचारी, असं त्याच्या मनात आलं. कितीतरी दिवस, दोन मण.

ओळ संपली. शालूने सूर्यभानकडे बघितलं आणि हसली. लोकांसाठी नव्हे. हसता हसता तिने त्याच्या दंडावर दोन बोटं टेकवली, घरातल्या माणसाला टेकवतात तशी, आणि पुढच्या ओळीला सुरुवात केली.

धर्मपालने रुमाल बाजूला केला आणि मूठ उघडली. हात आपोआप सुटला, असं नंतर त्याला कधीच म्हणता आलं नाही. एकेक बोट त्याने स्वतः, मन लावून, सरळ केलं.

कडाड् असा आवाज कर्ण्यांतून अख्ख्या पटांगणावर गेला. मुंडकं तुटून तारांवर लोंबकळलं. सूर्यभानने गिटारची मान दुसरीकडे वळवून शालूपुढे हात आडवा घातला. कोणाला लागलं नाही. आणि शालू थांबलीच नाही. बासशिवाय, पेटीशिवाय, नुसत्या आवाजात ती पुढची ओळ गात राहिली. आधी पुढच्या बायांनी टाळीचा ठेका धरला, मग सगळ्या पटांगणाने. असं गाणं अमरावतीत कोणी ऐकलं नसेल.

धर्मपाल मात्र गाणं ऐकत नव्हता. तो बघत होता, की लाकूड सुटल्यावर ती बोटं खाली पडली नाहीत. नाहीशीही झाली नाहीत. क्षणभर हवेत तशीच वळलेली राहिली. मग शालूच्या खांद्यावरच्या पांढऱ्या पदराआड गेली.

कार्यक्रम संपल्यावर मांडवामागे सूर्यभान तुटलेला सांधा बल्बखाली धरून उभा होता. तो हसत नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "याच्यात सरस नाई. मेन हाय. नुसतं मेन." त्याने बोटाने ते खरवडलं, वास घेतला. "असं कावून केलं, थे मी तुले नाई इचारत. मले एकच सांग. मंग इतके दिवस हे कायनं धरून होतं?"

शालू मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर पकडली. डब्यात गर्दी नव्हती. मोतीराम मशीनवर डोकं ठेवून झोपला होता. खिडकीपाशी शालू, तिच्या शेजारी सूर्यभान, समोरच्या बाकावर धर्मपाल. त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, हलका, मोकळा. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

शालू सारखा पदर नीट करत होती. खांद्यावरून काढायची, झटकायची, पुन्हा घ्यायची.

"काय झालं?" सूर्यभानने विचारलं.

"काही नाई. काहीतरी वळवळल्यासारखं वाटते."

मूर्तिजापूर गेलं. मग ती धर्मपालकडे वळून बसली.

"मेन तुमी घातलं ना, गुरुजी?"

त्याने मान हलवली. तिच्याशी खोटं बोलायचं त्याला आता जमेना.

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले वाईट वाटत होतं तुमच्यासाठी. रात्रभर जागी होती. आता सांगाले सोपं झालं. दोघंही समोर हा, तं इथंच सांगते."

सूर्यभान सरसावून बसला.

"म्या ठरवलं हाय," शालू म्हणाली, "का मी..."

धर्मपालचा डावा हात मिटला.

नेहमीसारखा, हळूच, व्यवस्थित. पण बोटांना कड लागली नाही. मुठीत जे आलं ते कोमट होतं, मऊ होतं, आणि आत काहीतरी ठोके देत होतं, भराभरा.

शालू खोकली. तिने गळ्याला हात लावला. "मी..." ती म्हणाली, आणि पुन्हा खोकली.

"पानी पे, पानी पे," सूर्यभानने सुरई पुढे केली. तिने घोट घेतला. तो खाली उतरेना.

धर्मपालने उजव्या हाताने डावी करंगळी पकडली आणि जोर लावला. ती उचलली गेली. समोर शालूने घाईघाईने श्वास आत ओढला. त्याने अनामिका पकडली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. हे शरीराचं आहे, शिरेचं आहे, सुटेल, तो स्वतःला सांगत होता. दुसरं बोट सुटलं. आणखी थोडं.

"सांग ना, शालू," सूर्यभान तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "कोनाचं नाव घेऊन राहिली होती?"

शालूने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसली, सूर्यभानकडे बघून हसली, आणि तिचे ओठ त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरासाठी पुढे आले.

आणि धर्मपालचा उजवा हात, जो बोटं सोडवत होता, तो थांबला. मग डाव्या मुठीवरून फिरला आणि तिच्यावर घट्ट बसला.